पहिला डेटाबेस: कागदावरच्या तीन चौकोनांपासून रिपोर्टपर्यंत

आमच्या ट्रेकिंग ग्रुपचं सामान, म्हणजे तंबू, दोर, स्लीपिंग बॅगा, हेडटॉर्च वगैरे, सभासद नेतात आणि परत आणून देतात, आणि त्याची नोंद ठेवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. नोंद एक्सेलमध्ये. एका ओळीत नेणाऱ्याचं नाव, फोन, सामान, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. सुरुवातीला छान चाललं होतं. मग एका सभासदाचा फोन नंबर बदलला, तो वीस-बावीस ओळींत दुरुस्त करावा लागला, त्यातल्या दोन सुटल्या आणि सहा महिन्यांनी मी नेमका त्या सुटलेल्या ओळीतला जुना नंबर फिरवत बसलो होतो. त्याच फाइलमध्ये एकच माणूस तीन प्रकारे लिहिलेला, कुठे पूर्ण नाव, कुठे आद्याक्षर, कुठे ऱ्हस्व-दीर्घाचा फरक. आणि 'लांब दोर आत्ता कोणाकडे आहे' एवढं सांगायला अर्धा तास लागायचा.

एक्सेलमध्ये एका शीटवर १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यामुळे जागा कमी पडली असं काही नव्हतं. एकच माहिती मी वीस ठिकाणी लिहून ठेवली होती, ते चुकलं होतं. डेटाबेस शिकायचा तो एवढ्यासाठी: प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि बाकी सगळीकडून तिच्याकडे बोट दाखवायचं. ही कल्पना एडगर कॉड नावाच्या आयबीएममधल्या संशोधकाने १९७० मध्ये मांडली, त्याला रिलेशनल मॉडेल म्हणतात, आणि आज तुम्ही कुठलंही डेस्कटॉप डेटाबेस सॉफ्टवेअर उघडलंत तरी आत तीच आहे. म्हणून मी इथे बटणांपेक्षा त्या विचारावर जास्त वेळ घेणार आहे. बटणं व्हर्जनप्रमाणे हलतात, विचार तोच राहतो.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं

यात फार अडकू नका. विंडोज असेल आणि ऑफिसबरोबर मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस आलं असेल तर तेच वापरा, १९९२ पासून आहे, शिकायला सोपं आहे, फॉर्म आणि रिपोर्ट बनवायची सोय त्यातच आहे. मॅकवर अ‍ॅक्सेस चालत नाही. मॅक किंवा लिनक्स असेल, किंवा फुकटचं हवं असेल तर लिब्रेऑफिस बेस घ्या, ते तिन्हीकडे चालतं आणि त्यातही टेबल, क्वेरी (म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न), फॉर्म, रिपोर्ट असेच चार भाग आहेत. तिसरं नाव ऐकाल ते एसक्यूलाइट. तुमच्या फोनमधली कितीतरी अ‍ॅप्स त्याच्यावरच चालतात, पण ते नुसतं इंजिन आहे, समोर खिडकी हवी तर डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावावं लागतं आणि छापायला रिपोर्ट वगैरे त्यात नाहीत. सुरुवातीला माझं मत अ‍ॅक्सेस किंवा बेस. मी खाली अ‍ॅक्सेसची नावं सांगतोय, बेसमध्ये जिथे वेगळं आहे तिथे तसं म्हणेन.

आधी कागद

ही पायरी सगळे टाळतात, मीही टाळली होती, आणि मग तीन वेळा टेबलं पाडून पुन्हा बांधली. कॉम्प्युटर उघडायच्या आधी कागदावर आपल्याला काय काय विचारायचंय ते लिहा. माझी यादी अशी होती: आत्ता बाहेर काय काय आहे आणि कोणाकडे, पंधरा दिवस उलटून गेले तरी कोणी आणून दिलेलं नाही, कुठला तंबू सगळ्यात जास्त फिरलाय (कारण तोच आधी फाटणार), आणि कुठलं सामान कोणी कधी हातच लावत नाही.

आता या प्रश्नांतली नामं शोधा. कशाकशाबद्दल बोलतोय आपण? सभासद, सामान आणि नेआण. झाली तीन टेबलं. प्रत्येकासाठी एक चौकोन काढा आणि आत फील्ड लिहा. सभासदच्या चौकोनात सभासद नंबर, नाव, आडनाव, फोन, जन्मतारीख. सामानच्या चौकोनात सामान नंबर, प्रकार, वर्णन, खरेदीची तारीख. नेआणच्या चौकोनात नोंद नंबर, सभासद नंबर, सामान नंबर, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख, शेरा.

तिसऱ्या चौकोनात सभासदाचं नाव नाहीये हे बघा. फोनही नाही. फक्त त्याचा नंबर आहे. नाव एकाच जागी, सभासद टेबलात, तिथे फोन बदलला की जुन्या-नव्या सगळ्या नोंदींना नवा फोन दिसणार. ते 'बोट दाखवणं' म्हणजे हेच. सभासद टेबलात जो नंबर एकमेव असतो त्याला प्रायमरी की म्हणतात आणि तोच नंबर नेआणमध्ये जाऊन बसला की त्याला तिथे फॉरेन की म्हणतात. डेटाबेसचं अर्धं शास्त्र या दोन शब्दांत आहे, हे नीट समजलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मग प्रश्न येतो, नेआण हे वेगळं टेबल कशाला, सभासदच्याच ओळीत 'सामान १', 'सामान २', 'सामान ३' असे कॉलम का नको? करून बघा कागदावर. चौथी वस्तू नेली की काय करणार? आणि 'दोर कोणाकडे आहे' हे शोधायला तिन्ही कॉलम चाळावे लागणार. एक सभासद अनेक वस्तू नेतो आणि एक वस्तू वेगवेगळ्या वेळी अनेक सभासदांकडे जाते, असं दोन्ही बाजूंनी 'अनेक' आलं की मध्ये तिसरं टेबल लागतंच. कॉलमच्या नावापुढे १, २, ३ लावायची वेळ आली की समजा, इथे एक टेबल लपलंय, ते बाहेर काढा.

अजून दोन गोष्टी कागदावरच ठरवून टाका. जे मोजून काढता येतं ते साठवू नका. वय साठवलं तर वर्षभरात खोटं ठरतं, जन्मतारीख कधीच खोटी ठरत नाही. 'किती दिवस उशीर' हेही तारखेवरून निघतं. आणि एका फील्डात एकच गोष्ट ठेवा. नाव आणि आडनाव एकत्र कोंबलं की पुढे आडनावाप्रमाणे यादी लावताना हाल होतात.

फाइल उघडून टेबल बनवणं

अ‍ॅक्सेस उघडा, ब्लँक डेटाबेस निवडा. वर्डसारखं आधी लिहा आणि नंतर सेव्ह करा असं इथे नाही, हे आधीच फाइलचं नाव आणि जागा विचारतं, कारण तुम्ही जे भरता ते लगेच डिस्कवर जातं. नाव दिलं की टेबल१ नावाचं रिकामं टेबल समोर येतं. त्यात लगेच टाइप करायला बसू नका. ते बंद करा आणि क्रिएट टॅबवर जाऊन टेबल डिझाइन उघडा. इथे वरच्या भागात तीन कॉलम दिसतात, फील्डचं नाव, डेटा टाइप आणि वर्णन, आणि खाली त्या फील्डच्या बारीकसारीक सेटिंग.

फील्डची नावं इंग्रजी अक्षरांत आणि स्पेस न देता ठेवा असं मी सुचवेन. डेटा मराठीत भरा, काही अडचण येत नाही, पण फील्डच्या नावात स्पेस असली की पुढे प्रत्येक वेळी त्याला चौकोनी कंस घालावे लागतात आणि एखादा विसरला की एरर. नुसतं 'डेट' किंवा 'नेम' असंही नाव देऊ नका, ते अ‍ॅक्सेसचे राखीव शब्द आहेत.

डेटा टाइप निवडताना स्वतःला विचारा, यावर बेरीज-वजाबाकी करणार आहे का? फोन नंबरची कोणी बेरीज करत नाही, म्हणून तो शॉर्ट टेक्स्ट. नंबर टाइप दिलात तर सुरुवातीचा शून्य उडतो आणि अधिकचं चिन्हही राहत नाही. शॉर्ट टेक्स्टमध्ये २५५ अक्षरं मावतात, त्याहून मोठा शेरा असेल तर लाँग टेक्स्ट. तारखेला डेट/टाइमच द्या, टेक्स्ट म्हणून तारीख भरली की ती नुसती अक्षरं होतात, मग 'पंधरा दिवसांपूर्वीचं' असं काही विचारता येत नाही आणि क्रमही भलताच लागतो.

सभासद नंबरला ऑटोनंबर द्या, ती ओळ निवडून वरचं किल्लीचं प्रायमरी की बटण दाबा, टेबल सेव्ह करा. सामान टेबल तसंच. सामानावर तुम्ही स्वतःचे टॅग चिकटवले असतील तर टॅग नंबरचं वेगळं फील्ड घ्या आणि खालच्या सेटिंगमध्ये इंडेक्स्डला 'येस, नो डुप्लिकेट्स' करा, म्हणजे एकच टॅग दोन वस्तूंना चुकूनही जाणार नाही.

नेआण टेबल बनवताना नवशिक्यांची हमखास होणारी चूक सांगतो. नोंद नंबर ऑटोनंबर, बरोबर. पण सभासद नंबर आणि सामान नंबर इथे ऑटोनंबर नाही द्यायचे, नंबर द्यायचा आणि खाली फील्ड साइज लाँग इंटिजर ठेवायची, कारण ऑटोनंबर आतून लाँग इंटिजरच असतो आणि जोडायची दोन्ही टोकं एकाच जातीची लागतात. त्या फील्डच्या डिफॉल्ट व्हॅल्यूत शून्य आपोआप येऊन बसलेला असेल तर तो पुसून टाका, शून्य नंबरचा सभासद आपल्याकडे नसतो आणि मग नोंद सेव्हच होत नाही. दोन्हींना रिक्वायर्ड येस करा. कोणी नेलं ते माहीत नाही अशी नोंद काय कामाची?

व्हॅलिडेशन रूल नावाची एक सेटिंग आहे ती पण वापरून बघा. टेबलच्या प्रॉपर्टी शीटमध्ये 'परत आल्याची तारीख नेल्याच्या तारखेच्या आधीची नसावी' असा नियम घालता येतो आणि व्हॅलिडेशन टेक्स्टमध्ये तुमचा मराठी मेसेज. चूक आत शिरतानाच अडवली की बरं, नंतर शोधत बसणं फार त्रासाचं आहे.

बेसवाल्यांसाठी: तिथे क्रिएट टेबल इन डिझाइन व्ह्यू, ऑटोनंबरऐवजी इंटिजर घेऊन खाली ऑटोव्हॅल्यू येस, आणि प्रायमरी की ओळीच्या डाव्या कडेवर राइट क्लिक करून. प्रायमरी की नसेल तर बेसमध्ये त्या टेबलात डेटा भरताच येत नाही. पुष्कळ जण तिथे अडकतात आणि सॉफ्टवेअर बिघडलंय असं समजतात.

टेबलं जोडणं

डेटाबेस टूल्समध्ये रिलेशनशिप्स उघडा, तिन्ही टेबलं आणा. सभासद टेबलातला सभासद नंबर माऊसने ओढून नेआणमधल्या सभासद नंबरवर सोडा. एक डायलॉग येतो, त्यात एन्फोर्स रेफरन्शियल इंटिग्रिटी अशी टिक आहे. ती नक्की करा. नाव अवघड आहे पण अर्थ साधा, जो सभासद अस्तित्वातच नाही त्याच्या नावावर नोंद होऊ द्यायची नाही आणि ज्याच्या नावावर नोंदी आहेत त्याला उडवू द्यायचं नाही. टिक झाली की रेषेच्या एका टोकाला १ आणि दुसऱ्याला अनंताचं चिन्ह येतं. सामानसाठी पुन्हा तेच.

खाली अजून एक टिक असते, कॅस्केड डिलीट. ती करू नका. ती केली तर एक सभासद डिलीट करताना त्याच्या सगळ्या जुन्या नोंदी पण गुपचूप जातात. सभासद ग्रुप सोडून गेला तर त्याला डिलीट करण्यापेक्षा सभासद टेबलात 'चालू आहे का' असं येस/नो फील्ड ठेवा आणि टिक काढा. इतिहास जपला जातो.

डेटा भरणं आणि जुनी एक्सेल आत आणणं

भरायचा क्रम महत्त्वाचा: आधी सभासद आणि सामान, मग नेआण. उलट केलंत तर 'रिलेटेड रेकॉर्ड इज रिक्वायर्ड' अशा अर्थाचा एरर येतो, घाबरू नका, तुम्ही लावलेली टिक तिचं काम करतेय.

भरताना ओळीच्या डावीकडे पेन्सिल दिसते, म्हणजे ही ओळ अजून सेव्ह झालेली नाही. दुसऱ्या ओळीवर गेलात की सेव्ह, वेगळं काही दाबायला लागत नाही. चुकीचं टाइप झालं आणि पेन्सिल अजून दिसतेय तर एस्केप दाबा. पण एकदा ओळ डिलीट केली आणि हो म्हटलं की कंट्रोल झेड करून ती परत येत नाही. ऑटोनंबरचा तो आकडाही पुन्हा येत नाही, मध्ये मोकळ्या जागा दिसतात, दिसू देत. ऑटोनंबर फक्त ओळखीसाठी असतो, तो सलग असायची गरज नाही, सलग करायच्या नादाला लागू नका.

बेसमध्ये मात्र एक काळजी घ्याच. त्याच्या आतल्या एचएसक्यूएलडीबी इंजिनवर बनवलेल्या फाइलमध्ये ओळ भरली तरी मुख्य खिडकीतलं सेव्ह दाबेपर्यंत ती फाइलमध्ये पक्की होत नाही, मध्येच कॉम्प्युटर बंद पडला तर गेली. अधूनमधून सेव्ह दाबत राहा.

जुनी एक्सेल असेल तर ती थेट तीन टेबलांत जात नाही, आणि इथेच बहुतेक लोक हात टेकतात, म्हणून जरा सावकाश सांगतो. आधी एक्सेलच्या कॉपीवर साफसफाई करा, नावं एकसारखी करा, एका कॉलममध्ये एकाच पद्धतीच्या तारखा ठेवा, मधल्या रिकाम्या आणि मर्ज केलेल्या ओळी काढा. जुनी फाइल युनिकोडमध्ये नसेल, म्हणजे फॉन्ट बदलला की मराठी जाऊन इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल, तर आधी ती युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या, नाहीतर अ‍ॅक्सेसला ती खिचडीच दिसणार आणि नाव शोधून सापडणार नाही.

मग एक्स्टर्नल डेटा टॅबमधून एक्सेल निवडून इम्पोर्ट करा, पहिल्या ओळीत कॉलमची नावं आहेत ही टिक करा आणि सगळं एका तात्पुरत्या टेबलात येऊ द्या. त्या तात्पुरत्या टेबलावर क्वेरी करून वेगवेगळी नावं फक्त एकेकदा काढा, क्वेरीच्या प्रॉपर्टीत युनिक व्हॅल्यूज येस केलं की जमतं, आणि ती यादी डोळ्यांनी वाचा. एकच माणूस दोनदा दिसला तर तिथेच दुरुस्त करा. मग हीच क्वेरी अपेंड क्वेरी करून सभासद टेबलात ओता, प्रत्येकाला आपोआप नंबर मिळेल. सामानाचं तसंच. शेवटी तात्पुरतं टेबल, सभासद आणि सामान अशी तिन्ही क्वेरीत घेऊन नावाला नाव आणि वस्तूला वस्तू जोडा आणि त्यातून निघणारे दोन नंबर आणि दोन तारखा नेआणमध्ये अपेंड करा. ओळी मोजा. एक्सेलमध्ये जेवढ्या होत्या तेवढ्याच आल्या पाहिजेत. कमी आल्या तर कुठलंतरी नाव जुळलं नाही, जास्त आल्या तर कोणीतरी अजून दोनदा आहे. माझ्या पहिल्या प्रयत्नात नऊ ओळी कमी आल्या होत्या आणि नऊच्या नऊ ठिकाणी नावामागे एक जादा स्पेस निघाली.

क्वेरी: आता विचारा

इथपर्यंतची मेहनत याच्यासाठी होती. क्रिएटमध्ये क्वेरी डिझाइन उघडा, तिन्ही टेबलं घ्या, आपण आधी जोडलेल्या रेषा आपोआप येतात. खाली जाळी असते, त्यात हवी ती फील्ड ओढा: नाव, फोन, सामानाचं वर्णन, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख.

पहिला प्रश्न, बाहेर काय आहे. जे बाहेर आहे त्याची परत आल्याची तारीख रिकामी असते, म्हणून त्या कॉलमखाली क्रायटेरियामध्ये 'इज नल' लिहा आणि रन करा. नल म्हणजे शून्य नाही आणि रिकामी अक्षरंही नाहीत, नल म्हणजे 'माहीतच नाही'. म्हणून नलला बरोबरचं चिन्ह लावून विचारलं तर काहीच सापडत नाही, माहीत नसलेली गोष्ट कशाच्याच बरोबर नसते, इज नल असंच विचारायचं. ही क्वेरी 'बाहेर असलेलं' अशा नावाने सेव्ह करा. क्वेरीमध्ये प्रश्न सेव्ह होतो, उत्तर नाही, त्यामुळे पुढच्या महिन्यात उघडली तर पुढच्या महिन्यातलं उत्तर मिळतं. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

दुसरा प्रश्न, पंधरा दिवस उलटलेले. त्याच क्वेरीत नेल्याच्या तारखेखाली लहानाचं चिन्ह, मग डेट आणि त्याचा रिकामा कंस, वजा १५. डेट म्हणजे आजची तारीख. हे इज नलच्याच ओळीत लिहायचं. एका ओळीतल्या अटी 'आणि' होतात, खालच्या ओळीत लिहिलेली 'किंवा' होते. चुकून खाली लिहिलंत तर जुन्या सगळ्या परत आलेल्या वस्तू पण यादीत येतील आणि तुम्ही बिचाऱ्या भल्या माणसाला फोन करून दोर मागाल.

तिसरा प्रश्न, कुठला तंबू जास्त फिरला. नवी क्वेरी, सामान आणि नेआण, वर्णन आणि नोंद नंबर घ्या, सिग्माचं टोटल्स बटण दाबा. वर्णनाखाली ग्रुप बाय राहू द्या, नोंद नंबरखाली काउंट करा, आणि त्याला उतरत्या क्रमाने लावा. दोन तंबूंचं वर्णन एकच असेल तर ते एकत्र मोजले जातील, म्हणून सामान नंबर पण सोबत घ्या. हीच युक्ती तपासणीला वापरा: फक्त परत न आलेल्या नोंदी घेऊन काउंट एकापेक्षा मोठा कुठे येतो ते बघा. एकच दोर एका वेळी दोघांकडे दिसला तर परत आल्याची नोंद कुठेतरी राहून गेलीय.

चौथा, कोणी कधीच न नेलेलं सामान. हा जरा वेगळा आहे, कारण साधी जोडणी फक्त दोन्हीकडे सापडणाऱ्या ओळी दाखवते आणि न नेलेलं सामान नेआणमध्ये नसतंच. रेषेवर डबल क्लिक करा, 'सामानमधल्या सगळ्या ओळी घे' असा अर्थ असलेला पर्याय निवडा, याला लेफ्ट जॉइन म्हणतात, आणि नेआणच्या नोंद नंबरखाली इज नल. क्वेरी विझार्डमध्ये फाइंड अनमॅच्ड म्हणून तयार सोय आहे, पण एकदा हाताने करा, समज पक्की होते.

नावाने शोधायचं तर क्रायटेरियात चौकोनी कंसात 'सभासदाचं आडनाव?' असं लिहा, रन केलं की तो प्रश्न खिडकीत विचारला जातो. अर्धंच नाव आठवत असेल तर लाइक आणि तारका वापरा, दुसऱ्या बऱ्याच डेटाबेसमध्ये तारकेऐवजी टक्क्याचं चिन्ह लागतं.

कधी क्वेरी चालवल्यावर हजारो ओळी आल्या तर वर बघा, दोन टेबलांमध्ये रेषा नसणार. रेषा नसली की प्रत्येक ओळ प्रत्येक ओळीशी जुळते, ४० सभासद आणि ६० वस्तू म्हणजे थेट २,४०० ओळी.

थोडी सवय झाली की तयार क्वेरी एसक्यूएल व्ह्यूमध्ये उघडून वाचत जा, एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. सिलेक्टपुढे कुठले कॉलम, फ्रॉमपुढे कुठली टेबलं, व्हेअरपुढे अट, ऑर्डर बायपुढे क्रम. ही भाषा पुढे कुठल्याही मोठ्या डेटाबेसवर थोड्याफार फरकाने चालते, त्यामुळे इथे शिकलेलं वाया जात नाही. तिथे तारीख लिहिताना मात्र सांभाळा, अ‍ॅक्सेसच्या एसक्यूएलमध्ये हॅश चिन्हांमधली तारीख आधी महिना मग दिवस अशी वाचली जाते, तेव्हा ५ मार्चची ३ मे होऊ शकते. वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने लिहा, गोंधळ होत नाही.

फॉर्म आणि रिपोर्ट

टेबलात थेट डेटा भरणं तुम्हाला जमेल, पण तुमच्या जागी दुसरं कोणी बसलं तर त्याला सभासद नंबर १७ म्हणजे कोण हे कसं कळणार? म्हणून फॉर्म. नेआण टेबल निवडून क्रिएटमधून फॉर्म दाबा, बनतो. मग डिझाइन व्ह्यूमध्ये सभासद नंबरचा बॉक्स काढून तिथे कॉम्बो बॉक्स टाका, विझार्ड विचारेल यादी कुठून घेऊ, सभासद टेबलातून म्हणा, नंबर आणि नाव दोन्ही घ्या, नंबरचा कॉलम लपवा, आणि निवडलेली किंमत सभासद नंबर या फील्डात ठेव असं सांगा. भरणाऱ्याला नाव दिसतं, आत नंबर जातो. लिमिट टू लिस्ट येस करा म्हणजे यादीबाहेरचं काही लिहिता येणार नाही. असा कॉम्बो टेबलाच्या डिझाइनमध्येच लुकअप विझार्डने पण लावता येतो, मी ते करत नाही, कारण मग टेबलात नाव दिसतं आणि आत नंबर असतो, आणि क्वेरीत नावाने शोधायला गेलं की काही सापडत नाही.

रिपोर्ट तर अगदीच सोपा, आपली 'बाहेर असलेलं' क्वेरी निवडा, रिपोर्ट विझार्ड लावा, सभासदाप्रमाणे ग्रुप करा, छापा. रिपोर्ट टेबलावर न बनवता क्वेरीवर बनवायची सवय लावा, बस.

फाइल जपणं

तुमचा सगळा डेटाबेस म्हणजे एकच फाइल, शेवटी एसीसीडीबी असं एक्स्टेंशन असलेली, बेसमध्ये ओडीबी. ती गेली की सगळं गेलं. काम झालं की फाइल बंद करा आणि तारखेच्या नावाने तिची कॉपी दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. उघडी असताना कॉपी करू नका, उघडी आहे की नाही हे शेजारी त्याच नावाची छोटी लॉक फाइल दिसतेय का यावरून कळतं. मोठी अपेंड किंवा डिलीट क्वेरी चालवायच्या आधी तर कॉपी हवीच. आणि महिन्यातून एकदा त्या कॉपीपैकी एक खरंच उघडून बघा, न उघडलेल्या बॅकअपचा भरवसा नाही.

ओळी डिलीट केल्या तरी अ‍ॅक्सेसची फाइल आपोआप लहान होत नाही, त्यासाठी अधूनमधून कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवा. एका फाइलची कमाल मर्यादा २ जीबी आहे, नुसत्या नोंदींनी तिथवर पोचायला खूप काळ जाईल, पण टेबलात फोटो कोंबायला लागलात तर लवकर पोचाल, फोटो फोल्डरमध्ये ठेवा आणि टेबलात फक्त त्याचा पत्ता.

दोघा-तिघांनी एकाच वेळी वापरायची वेळ आली तर फाइल क्लाउड सिंकच्या फोल्डरमध्ये टाकून सगळ्यांनी उघडायची नाही, अशाने फाइल बिघडते. डेटाबेस टूल्समध्ये अ‍ॅक्सेस डेटाबेस नावाचं बटण आहे, ते टेबलं वेगळ्या फाइलमध्ये काढून देतं. ती टेबलांची फाइल ऑफिसच्या किंवा घरच्या नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये राहते आणि फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट असलेली दुसरी फाइल प्रत्येकाच्या मशीनवर एकेक ठेवायची. आमच्याकडे आता सामान देणारे दोघं आहेत आणि गेली काही वर्षं असंच चाललंय.